पायरीवरचं नाटक : आम्ही 'स्ट्रीट सीन' कसं वाचलं

चाळ म्हटली की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणजे गणपती, सत्यनारायण, वाटीभर साखर, सगळे कसे एका घरातल्यासारखे. आणि दुसरा गिरण्या बंद पडल्यानंतरचा. दोन्ही खरे आहेत, मी नाकारत नाहीये, पण शेजार ही गोष्ट त्याहून खूप अवघड असते असं मला कायम वाटत आलंय. जी बाई तुमच्या बाळंतपणाला रात्रभर उशाशी बसते तिच्याबद्दलच खाली पायरीवर काय काय बोललं जातं, आणि बोलणारेही वाईट नसतात, ते पण उद्या कोणाच्या तरी उशाशी बसणार असतात. हे एकत्र दाखवणारं नाटक मी शोधत होते आणि ते मिळालं थेट न्यूयॉर्कचं, १९२९ सालचं. एल्मर राइसचं 'स्ट्रीट सीन'.

आम्ही ठाणे पूर्वेचे, कोपरीतले. हौशी ग्रुप आहे, कोणी बँकेत, कोणी शाळेत, एक जण इलेक्ट्रिशियन, दोघं कॉलेजातले. रविवारी सकाळी सोसायटीच्या मीटिंग रूममध्ये बसतो. दरवर्षी एक नाटक घ्यायचं आणि नुसतं बसवायचं नाही तर आधी नीट अभ्यासायचं असं आमचं ठरलेलं आहे. यावेळी मी हे नाव सुचवलं आणि स्टेशनजवळ झेरॉक्स काढून, स्पायरल करून सगळ्यांच्या हातात दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतली एक तपकिरी दगडाची, १८९० च्या दशकात बांधलेली, लिफ्ट नसलेली भाड्याची इमारत. स्टेजवर फक्त तिचा दर्शनी भाग दिसतो, म्हणजे दार, दारापुढच्या पायऱ्या, खिडक्या आणि समोर फुटपाथ. तीन अंक आणि एकूण वेळ चोवीस तासांपेक्षाही कमी. जूनमधली एक उकाड्याची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशीची पहाट आणि सकाळ, मग त्याच दिवशीची दुपार, बस. वरच्या मजल्यावर मॉरंट कुटुंब राहतं, नवरा फ्रँक नाटकाच्या बॅकस्टेजला काम करणारा, तापट माणूस, बायको ॲना, मुलगी रोझ, छोटा विली. ॲनाकडे सँकी नावाचा दूध कंपनीचा वसुलीवाला येत-जात असतो आणि ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रँक बाहेरगावी कामाला जातो म्हणून निघतो, अचानक परत येतो आणि दोघांना गोळ्या घालतो. एवढीच गोष्ट. ही गोष्ट तर कुठल्याही पेपरात आतल्या पानावर चार ओळीत येते.

पण नाटक त्या चार ओळींचं नाहीच आहे, ते बाकी सगळ्यांचं आहे. मूळ न्यूयॉर्कच्या प्रयोगात पन्नासच्या वर पात्रं होती. बऱ्याच निर्मात्यांनी हे नाटक आधी नाकारलं होतं, इतकी माणसं, इतकी ये-जा, धड एक हिरो नाही. शेवटी राइसने स्वतःच दिग्दर्शन केलं, १० जानेवारी १९२९ ला पहिला प्रयोग झाला, ६०१ प्रयोग झाले आणि त्याच वर्षी नाटकासाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्याने आधी ठेवलेलं नाव होतं 'लँडस्केप विथ फिगर्स', म्हणजे देखावा आणि त्यात माणसं. मला हे नाव फार महत्त्वाचं वाटतं कारण त्यावरून कळतं की तो बघत कुठून होता, लांबून, रस्त्यापलीकडून.

पहिलं काम म्हणजे भिंतीवर मोठा चार्ट पेपर लावला आणि बिल्डिंग काढली. तळघरात ओल्सन, बिल्डिंगची देखभाल करणारा, स्कँडिनेव्हियातला. रस्त्यालगतच्या खिडक्यांमध्ये एकीकडे म्हातारा अब्राहम कॅप्लन, ज्यू, डाव्या पेपरांत लिहिणारा, त्याची शिक्षिका मुलगी शर्ली आणि कॉलेजात शिकणारा सॅम. दुसरीकडे लिप्पो फिओरेंटिनो, इटालियन, संगीत शिकवणारा, आणि त्याची जर्मन बायको ग्रेटा. त्यांच्या वर मॉरंट. मग जोन्स कुटुंब, बुकॅनन, ज्याची बायको अडलेली आहे, आणि मिसेस हिल्डेब्रँड, जिला नवरा टाकून गेलाय, भाडं थकलंय आणि उद्या सामान रस्त्यावर येणार आहे. इमारतीच्या एका बाजूला गोदाम आणि दुसऱ्या बाजूला पाडकाम चाललेली बिल्डिंग. पाडकामाचं वाचल्यावर आमच्यातले दोघंतिघं एकदम खिडकीकडे बघायला लागले कारण आमच्याही समोरच्या प्लॉटवर हिरवी जाळी आणि पत्रे लागलेले आहेत. ठाण्यात आता कुठल्या रस्त्यावर नाहीयेत म्हणा.

दुसरं काम जास्त वेळखाऊ होतं पण सगळं त्यातूनच सापडलं. आम्ही एक तक्ता केला, कोण कधी पायरीवर येतं, कोण खिडकीत आहे, कोण आत गेलं, कोण लांबून येताना दिसतंय. प्रत्येक पानाला एक आडवी ओळ. कंटाळवाणं काम आहे पण ज्यांना कुठलंही जास्त पात्रांचं नाटक अभ्यासायचंय त्यांनी हे कराच, कारण संवाद वाचताना आपण बोलणाऱ्याकडे बघतो आणि गप्प बसलेला माणूस डोळ्यासमोरून जातो. तक्ता केल्यावर दिसलं की ॲना पायरीवर आली की विषय बदलतो. आधी तिच्याबद्दल चाललेलं असतं, ती दारात आली की लगेच उकाडा. काय गरम होतंय, काल रात्री झोप नाही, अजून पाऊस नाही. संहितेत उकाड्याचा उल्लेख जिथे जिथे आहे तिथे आम्ही पिवळा मार्कर मारला आणि त्यातले कितीतरी उल्लेख बरोबर अशाच जागी निघाले, तोंड लपवायच्या जागी. राइसने हवेचा विषय वातावरणनिर्मितीसाठी घेतला असेलच पण तो माणसांच्या हातात पडदा म्हणून पण दिलाय. मे महिन्यात आमच्या गॅलरीत हेच चालतं, समोरून कोणी आलं की "काय उकडतंय ना" सुरू.

आणि अजून एक. ॲना खाली सगळ्यांच्या नजरेसमोर असते, विलीला शोधायला म्हणून जाते तेव्हाही मागे तिचा हिशोब सुरूच असतो. पण हीच ॲना रात्रभर बुकॅननच्या बायकोजवळ बसते. ती अडलेली बाई अख्ख्या नाटकात एकदाही दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. वर एक जन्म होतोय, तो सुखरूप व्हावा म्हणून जी जागतेय तिचा दुसऱ्या दिवशी खून होणार आहे, आणि खाली जी माणसं तिच्याबद्दल बोलतायत तीच बाळ-बाळंतिणीची काळजीने चौकशी पण करतायत. चाळीच्या प्रेमळपणावर आपण इतकं लिहितो पण तो प्रेमळपणा आणि ही पाळत वेगळ्या माणसांत नसते, एकाच माणसात, एकाच संध्याकाळी असते, हे मला इतक्या स्पष्ट दुसऱ्या कुठल्या नाटकात दिसलेलं नाही.

मिसेस जोन्सवर आमचं सगळ्यात जास्त भांडण झालं. ही बिल्डिंगची बातमीदार, कुत्र्याला फिरवायला निघते आणि सगळ्यांची खबर घेऊन येते. कॉलेजातली मुलगी ते वाचताना आवाज वाकडा करून, खाष्ट करून वाचायला लागली. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या, १६० चौरस फुटांची खोली, तळमजला अधिक तीन मजले, संडास सगळ्यांचे मिळून पॅसेजच्या टोकाला. त्या म्हणाल्या, "अगं, हिला व्हिलन नको करूस. आमच्याकडे अशी बाई होती म्हणून कोणाच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही ते कळायचं." मग आम्ही तो भाग काकूंनाच वाचायला दिला आणि त्यांनी तो इतक्या साधेपणाने, अगदी काळजीच्या सुरात वाचला की अंगावर आलं. म्हणजे ती चुगली न वाटता खरंच शेजारधर्म वाटायला लागली आणि त्यामुळेच जास्त भीती वाटली. आणि तक्त्यात हे पण दिसतं की मिसेस जोन्सचा मुलगा व्हिन्सेंट सॅमला दमदाटी करतो, मुलगी मे रात्री उशिरा एका माणसाबरोबर पिऊन येते, पण पायरीवर त्यांची चर्चा कधी होत नाही कारण चर्चा चालवणारी त्यांची आईच आहे. शेजाऱ्यांत कोणाची बदनामी होणार हे कोण काय करतं त्याच्यापेक्षा बोलायला कोण बसलंय त्याच्यावर ठरतं. हे वाक्य मी माझ्या प्रतीच्या मार्जिनमध्ये लिहून ठेवलंय.

आयस्क्रीमचा प्रसंग सगळ्यांचा लाडका. लिप्पो सगळ्यांना आयस्क्रीमचे कोन घेऊन येतो आणि खाता खाता वाद सुरू होतो की अमेरिका शोधली कोणी. लिप्पो म्हणतो कोलंबसने, म्हणजे इटालियन माणसाने, ओल्सन म्हणतो आमच्या लीफ एरिक्सनने. वाचताना हसू येतं पण १९२४ मध्ये अमेरिकेने परदेशातून येणाऱ्यांवर देशवार कोटा लावला होता हे माहीत असलं की त्या हसण्याखाली काय आहे ते कळतं. इथला आधीचा कोण आणि नंतर आलेला कोण हाच खरा विषय आहे. फ्रँकला हे बाहेरून आलेले लोक आणि कॅप्लनची मतं दोन्ही सहन होत नाहीत. आमच्या कोपरीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची कॉलनी आहे, पलीकडे चेंदणीत कोळी बांधव शतकानुशतकं आहेत, आमच्यासारखे कोकणातून, घाटावरून आलेले आहेत, आता यूपी-बिहारचे आहेत. प्रत्येकाचा आपापला कोलंबस आहे. त्या दिवशी वाचन तासभर थांबलं आणि नुसत्या गप्पाच झाल्या, मला वाटतं तो अभ्यासातला सगळ्यात चांगला तास होता.

नंतर आम्ही एक प्रयोग करून बघितला. चेंदणी कोळीवाड्यात एक जुनं दुमजली घर आहे, पुढे ओटा, चार पायऱ्या, वर लाकडी कठड्याची खिडकी. तिथल्या आजींना विचारलं, त्या म्हणाल्या "बसा की, चहा घेणार का", आणि आम्ही पहिल्या अंकाचा अर्धा भाग तिथे वाचला. दोघं वर खिडकीत, बाकी पायरीवर. बंद खोलीत वाचताना कधीच कळलं नसतं अशी गोष्ट तिथे कळली. वरून खाली बोलायचं तर आवाज चढवावाच लागतो, म्हणजे खिडकीतून बोललेलं काहीच खाजगी राहू शकत नाही. हळू बोलता येतं फक्त पायरीवर शेजारी बसून आणि तेही पायरी रिकामी असेल तेव्हा. घरी येऊन तक्ता बघितला तर रोझ आणि सॅमचं मनातलं बोलणं बहुतेक बाकीचे आत गेल्यावरच येतं. राइसने जागेचा हा हिशोब किती काटेकोर मांडलाय बघा, कोण किती मोठ्याने बोलतं यावर कोण कोणाच्या किती जवळ आहे ते ठरतंय.

आणि तिथेच आपल्या चाळीतला फरक पण लख्ख दिसला. आपल्या चाळीला गॅलरी असते, आडवी. प्रत्येकाच्या दारावरून दुसऱ्याला जावंच लागतं, दार उघडं असलं की आतलं ताट दिसतं. तिथे बातमी चालत चालत तुमच्या दारात येते. न्यूयॉर्कच्या त्या बिल्डिंगमध्ये सगळं उभं आहे, जिना आत, आणि सगळ्यांची गाठ पडते ती फक्त बाहेरच्या पायऱ्यांवर, म्हणून बातमी तिथे बसून तुमची वाट बघते. हे नाटक मराठीत आणायचं तर नुसती नावं बदलून चालणार नाही, एन्ट्री-एक्झिट मुळापासून बदलाव्या लागतील. ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं होतं की सरळ गिरगावातली चाळ करू, मला ते अजिबात पटत नाही. त्यापेक्षा नव्या मुंबईतल्या सिडकोच्या जुन्या चार मजली बिल्डिंगी या नाटकाला कितीतरी जवळच्या आहेत, जिना आत आणि खाली प्रवेशाशी बसायला कट्टा, वाशीला जाऊन बघा हवं तर.

जयंत पवारांचं 'अधांतर' आम्ही याच्या जोडीला मुद्दाम परत वाचलं. १९८२ च्या गिरणी संपानंतरचं, चाळीतल्या एका कुटुंबाचं नाटक, आणि ते खोलीच्या आत घडतं. आपण त्या घरातले होऊन बघतो, आईची घुसमट आपली घुसमट होते. 'स्ट्रीट सीन' एकदाही आत जात नाही. ॲना आणि फ्रँकमध्ये आत नक्की काय होतं हे आपल्याला तेवढंच कळतं जेवढं शेजाऱ्यांना कळतं. खून सुद्धा आत होतो. आपल्याला दिसतं ते इतकंच की खिडकीचा पडदा ओढलेला आहे, सॅम पायरीवर आहे, फ्रँक येतो, सॅम त्याला थांबवायला बघतो, वर ओरडतो, मग गोळ्यांचे आवाज, काच फुटते आणि सँकी खिडकीतून बाहेर पडायची धडपड करताना दिसतो. प्रेक्षक रस्त्यावरच उभा असतो. म्हणजे राइस प्रेक्षकाला शेजारी करून टाकतो आणि मग आपणही पहिल्या अंकात ॲनाबद्दल उत्सुकतेने ऐकत होतो हे लक्षात येतं. दोन्ही थोर नाटकं आहेत, पण आत बसवणं आणि बाहेर उभं करणं या दोन निर्णयांनी सगळं बदलतं, आणि नाटक लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही दोन एकापाठोपाठ एक वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

नेपथ्याबद्दल फार लिहीत नाही, जो मिल्झिनर या नेपथ्यकाराने तो दर्शनी भाग उभा केला होता, त्याचे फोटो मिळतात ते जरूर बघा. आवाजांबद्दल मात्र लिहायला हवं. रंगसूचनेत शहराचे आवाज सतत चालू ठेवायला सांगितलेत, लांबून जाणाऱ्या उन्नत रेल्वेची घरघर, गाड्या, नदीवरच्या बोटींचे भोंगे, कुत्री, रेडिओ, माणसं. आमच्या इलेक्ट्रिशियन दादाने संध्याकाळी गच्चीवरून मोबाईलवर कोपरीचे आवाज रेकॉर्ड केले, लोकलची अनाउन्समेंट, कुकरच्या शिट्ट्या, हायवेची घरघर, कुठल्यातरी घरातली सिरियल, पाडकामाचा ब्रेकर. ते मागे लावून वाचन केलं तेव्हा सगळ्यांचं बोलणं आपोआप बदललं, थांबून थांबून, गाडी जाऊ देऊन बोलायला लागले. सांगूनही जे आलं नसतं ते आलं.

तिसऱ्या अंकाचं अभिवाचन आम्ही सोसायटीच्या लोकांसमोर केलं. खुनानंतरची दुपार. त्या अंकात मुलं सांभाळायला ठेवलेल्या दोन बायका बाबागाड्या ढकलत फक्त ते घर बघायला येतात, पेपरात फोटो आलेला असतो तो ताडून बघतात, कुठली खिडकी वगैरे. मध्येच बाळ रडायला लागतं तर त्याला गप्प करतात आणि परत बघतात. त्यांचा त्या बिल्डिंगशी काही संबंध नाही. समोर बसलेल्यांत पहिल्यांदा एकदम शांतता झाली ती इथे. अपघात झाला की पुलावर गाड्या स्लो करून मोबाईल काढणारे आपण रोज बघतो ना.

मग चर्चा झाली. एक आजोबा म्हणाले की सगळ्यांना माहीत होतं तर कोणीतरी ॲनाला आधी सांगायला नको का, तर त्यांच्याच सूनबाई म्हणाल्या, "काय सांगणार बाबा? लोक बोलतात हे तिला माहीत होतंच की." आणि त्या बरोबर होत्या. ॲना पहिल्या अंकातच म्हणते की माणसांना एकमेकांना त्रास न देता शांतपणे एकत्र राहता यायला हवं, आणि तेव्हा तिथे बसलेलं कोणीही तिला पुढे काही विचारत नाही. रोझवरून मात्र बायका आणि पुरुष सरळ दोन गट पडले. बाप पकडला गेलाय, आई गेली, आणि सॅम म्हणतो मी शिक्षण सोडून तुझ्याबरोबर येतो. रोझ नको म्हणते. कोणी कोणाच्या मालकीचं असू नये, माणूस आधी स्वतःचा असायला हवा, अशा अर्थाचं बोलते आणि धाकट्या भावाला घेऊन ती जागा सोडते. काही पुरुषांना ती कठोर वाटली. मला ती अख्ख्या नाटकात एकटीच शहाणी वाटते, कारण आईबापाच्या घरात मालकीने काय केलं ते तिने त्याच सकाळी बघितलंय. आणि लेखक कायदा शिकलेला होता, पण कोण दोषी याचा निकाल देत बसत नाही हे त्याचं मोठेपण.

ती निघते न निघते तोच एक जोडपं रिकामी होणारी जागा बघायला येतं. अभिवाचनात हे ऐकल्यावर मागून कोणीतरी पटकन विचारलं, "भाडं किती?" आणि सगळे हसले, मी पण हसले, मग लगेच कोणी बोलेना.

आता दुसऱ्या अंकाचं मराठी करायला घेतलंय. वाशीच्या जुन्या बिल्डिंगींचे खालचे कट्टे बघायला पुढच्या रविवारी जातोय, कॉलेजवाल्यांनी मापं घ्यायला टेप आणायची आहे. बायकांची पात्रं खूप आहेत आणि आमच्यात बायका कमी, तेव्हा ठाणे-नवी मुंबईत कोणाला यायचं असेल तर या, पाठांतर लागत नाही, पण तक्ता भरावा लागेल.